इरिनोटेकॅनजन्य अतिसार : स्तंभन केव्हा करावे?

विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्यामुळे नांदेड जिल्ह्याबरोबरच शेजारच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्णांचा ओघ या परिसरात अखंड चालू असतो. त्या ओघातील काही रुग्ण व त्यांचे नातेवाईक आमच्यासारख्या वैद्यांच्या चिकित्सालयातही डोकावतात. कर्करोगाचा रुग्ण बहुधा हातात जाड फाईल घेऊनच येतो. कोणाची केमोथेरपी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कोणाची बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात, तर कोणाची मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात चाललेली असते. औषध तेथे दिले जाते; त्याचे उपद्रव मात्र पुष्कळदा घरी परतल्यावर सुरू होतात. रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसने प्रवास करून आलेला रुग्ण पाचव्या दिवशी ‘ढाळ लागली’ म्हणून पुन्हा परळला जाऊ शकत नाही. तो गावातल्या वैद्याकडे येतो, किंवा त्याचा मुलगा कोपऱ्यावरच्या औषधी दुकानात जाऊन ‘संडास बंद व्हायचं काहीतरी द्या’ असे म्हणतो.

प्रस्तुत लेख या एका प्रसंगापुरता मर्यादित आहे. औषध एकच, इरिनोटेकॅन. उपद्रवही एकच, अतिसार. केमोथेरपीच्या सर्व दुष्परिणामांचा परामर्श घेण्याचा येथे हेतू नाही. हा एकच उपद्रव निवडण्याचे कारण असे, की अतिसारचिकित्सेतील आपला एक अत्यंत आदरणीय नियम येथे जसाच्या तसा लावला तर रुग्णाच्या जिवाला अपाय होऊ शकतो.

या औषधाची कुळकथा

इरिनोटेकॅन हे आतड्याच्या कर्करोगात प्रामुख्याने व स्वादुपिंडाच्या कर्करोगात इतर औषधांसह वापरले जाणारे, शिरेतून द्यावयाचे औषध आहे. त्याचे मूळ वनस्पतीत आहे, आणि त्या वनस्पतीच्या शोधात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आपल्या वैद्यवर्गात फारशी बोलली जात नाही. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले व १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल हे दुसरे विख्यात कर्करोगविरोधी द्रव्यही याच दोघांच्या नावावर आहे. वाणी यांचे २०२० साली निधन झाले.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी हेच द्रव्य सह्याद्रीतील एका लहानशा वृक्षात असल्याचे दाखवून दिले. त्या काळी मॅपिया फीटिडा व आज नोथॅपोडायटीस निम्मोनियाना या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरील नरक्या. चरक-सुश्रुतांच्या परिचित द्रव्यांत त्याची गणना नाही. पण कॅम्प्टोथेसिनची मागणी वाढली तशी नरक्याची बेसुमार व चोरटी तोड झाली, आणि वृक्ष दुर्मीळ होत गेला.

शुद्ध कॅम्प्टोथेसिनचे क्षार रूपात रुग्णांवरील पहिले प्रयोग १९७० च्या सुमारास झाले आणि थांबवावे लागले. मूत्राशयातून रक्तस्राव व तीव्र अतिसार हे त्याचे कारण. पुढे जपानी रसायनज्ञांनी त्या रेणूत फेरफार करून पाण्यात विरघळणारे इरिनोटेकॅन सिद्ध केले. १९९४ साली जपानमध्ये व १९९६ साली अमेरिकेत ते वापरात आले. मूत्राशयाचा उपद्रव टळला, अतिसार मात्र टळला नाही. एकट्या इरिनोटेकॅनच्या आरंभीच्या अभ्यासांत सुमारे ३० टक्के रुग्णांना तीव्र स्वरूपाचा अतिसार झाला होता. आज अन्य औषधांसह बदललेल्या मात्रेत देताना हे प्रमाण कमी आहे. तरीही उपद्रव तोच आहे.

ही कथा औषधी दुकानदारांसाठी विशेष उपयोगाची आहे. ‘कॅन्सरचे इंजेक्शन ज्या झाडापासून होते त्याचीच साल’ म्हणून नरक्याचे चूर्ण विकावयास कोणी आणले, तर ज्या द्रव्याचे प्रयोग रुग्णालयातसुद्धा थांबवावे लागले तेच द्रव्य, अज्ञात मात्रेत, आपण पुडीत बांधून देणार आहोत हे लक्षात घ्यावे. अशा मालाला दारातूनच परत पाठवावे.

एकाच औषधाचे दोन अतिसार

इरिनोटेकॅनमुळे होणारा अतिसार दोन प्रकारचा असतो आणि त्यांतील भेद केवळ काळावरून ओळखता येतो.

पहिला प्रकार औषध चालू असताना किंवा त्यानंतरच्या चोवीस तासांत होतो. त्यासोबत घाम, लालास्राव, डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा अशी लक्षणे असतात. हे औषध ॲसिटिलकोलीन नष्ट करणाऱ्या विकराला अडवते, म्हणून आतड्याची गती एकाएकी वाढते. रुग्णालयात ॲट्रोपीनचे इंजेक्शन देऊन तो शमविला जातो व बहुधा अल्पकाळ टिकतो. आपल्यापर्यंत हा प्रकार क्वचितच येतो.

आपल्याकडे येतो तो दुसरा, म्हणजे चोवीस तासांनंतरचा. दर दोन-तीन आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांत तो साधारणतः पाचव्या दिवसाच्या आसपास, तर दर आठवड्याच्या पद्धतीत दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो. तो दिवसेंदिवस टिकतो. याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशीही घटू लागतात. एकीकडे आतड्याचे अस्तर सोललेले, दुसरीकडे जंतूंशी लढणारी सेना अपुरी, आणि शरीरातील पाणी व क्षार वाहून चाललेले, अशी ही त्रिकूट अवस्था आहे. २००१ साली अमेरिकेत इरिनोटेकॅनयुक्त चिकित्सेच्या दोन मोठ्या अभ्यासांत पहिल्या साठ दिवसांतील मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले व नवीन रुग्ण घेणे थांबवावे लागले. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना त्या मृत्यूंमागे वारंवार दिसलेले चित्र हेच होते : अतिसार, उलटी, अन्नद्वेष, जलक्षय, आणि त्यावर ज्वर.

हा उशिरा येणारा अतिसार का होतो, हे समजून घेणे वैद्यास कठीण नाही. यकृतात इरिनोटेकॅनपासून एसएन-३८ नावाचे द्रव्य बनते, ते मूळ औषधाहून शेकडो पटींनी तीव्र असते. यकृतच मग त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून निरुपद्रवी करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. येथवर सर्व ठीक. परंतु आतड्यातील जीवाणूंपाशी ही जोड तोडणारे विकर असते. जोड तुटली की एसएन-३८ पुन्हा मोकळे होते आणि आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. त्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने घडत असतात. नव्या पेशी घडणेच थांबले की जुन्या झडून गेल्यावर जागा उघडी पडते. पाचव्या दिवसाचे गणित हे असे आहे.

आता मूळ प्रश्न

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणिसावा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आमातिसारात आरंभीच संग्राही औषध देऊ नये, दोष कोंडले गेल्यास आध्मान, ग्रहणीदोष, अर्श, शोथ, पांडू, गुल्म, उदर, ज्वर इत्यादी विकार उत्पन्न होतात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. दोष आपणहून बाहेर पडत असतील तर त्यांची उपेक्षा करावी. अडखळत असतील तर हरीतकीने त्यांना वाट करून द्यावी. हा नियम आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत केला, परीक्षेत लिहिला आणि व्यवहारात त्याचा उत्तम अनुभवही घेतला. लग्नाच्या पंगतीनंतर आलेल्या अतिसारात पहिल्याच दिवशी गोळी देऊन मल बांधणाऱ्यांवर आपण टीका करतो, ती रास्तच आहे.

इरिनोटेकॅन देणारे रुग्णालय मात्र याच्या नेमके उलट सांगते. पहिला पातळ वेग होताच लोपेरामाइड सुरू करावे, असे रुग्णाच्या हातातील कागदावर लिहिलेले असते. रुग्ण तो कागद घेऊन आपल्याकडे येतो आणि विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या घेऊ का? की पोट साफ होऊ देऊ?’

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण येथे नमूद करतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पन्नाशीतील एक शेतकरी, तिसरे चक्र झालेले. सहाव्या दिवशी चार-पाच पातळ वेग झाले. घराण्याचा ज्यांच्यावर विश्वास अशा एका ज्येष्ठ वैद्यांनी सांगितले, ‘केमोचे विष आहे, ते आम बनून पडते आहे, अडवू नका.’ लोपेरामाइड बाजूला राहिले. शुंठी व हरीतकीचे चूर्ण सुरू झाले, लंघन सांगितले गेले. आठव्या दिवशी रुग्णास माझ्याकडे आणले तेव्हा ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, आदल्या रात्रीपासून मूत्रप्रवृत्ती नाही, नाडी क्षीण व अतिद्रुत, अंगात ज्वर. त्यास तसेच रुग्णालयात पोहोचविले. तो वाचला, परंतु पुढचे चक्र लांबले आणि औषधाची मात्रा कमी करावी लागली. त्या वैद्यांचा शास्त्राभ्यास माझ्याहून कमी नाही, म्हणूनच हा प्रसंग मला विचार करण्याजोगा वाटतो. त्यांनी नियम बरोबर उद्धृत केला. तो ज्या अवस्थेसाठी सांगितला आहे ती अवस्था मात्र तेथे नव्हती.

आमातिसारात अग्नी मंद झालेला असतो, अपक्व अन्नरस साचलेला असतो, आणि बाहेर पडते ते शरीरास नको असलेले असते. येथे तसे काय आहे? अन्न तर रुग्णाने चार दिवस धड घेतलेलेच नाही. जे पडते आहे ते शरीराचे स्वतःचे पाणी आणि झडलेले अस्तर आहे. विष बाहेर जाऊ द्यावे हा युक्तिवादही टिकत नाही. पित्तावाटे आलेले द्रव्य आतड्यात मोकळे होऊन तेथेच दाह करते; वेगांची संख्या वाढल्याने अस्तराची झालेली हानी भरून निघत नाही, रुग्णाचे बल तेवढे कमी होते.

माझ्या मते या अतिसाराची तुलना आमातिसाराशी न करता विरेचनाच्या अतियोगाशी करावी. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात वर्णिलेली अतियोगाची लक्षणे वाचावीत : मल, पित्त, कफ यांच्यानंतर मांस धुतलेल्या पाण्यासारखा स्राव, तृष्णा, बलक्षय. अतियोग झाल्यावर आपण दोषांच्या पाचनाची वाट पाहत बसत नाही. तत्काळ स्तंभन करतो. सुश्रुतांनी अतिसाराच्या हेतूंत विष आणि शोधनादी कर्मांचा अतियोग या दोहोंचाही समावेश केला आहे. शिवाय उत्तरकालीन संग्रहग्रंथांत असा निर्वाळा आहे, की धातू व बल क्षीण झालेल्या रुग्णात दोष अतिशय वाहून जात असतील, तर साम अवस्थेतही स्तंभन करावे, पाचनाच्या नादी लागल्यास मृत्यू ओढवतो. केमोथेरपी चालू असलेला रुग्ण क्षीणधातू नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा रुग्णालयाचा कागद आणि आपले शास्त्र यांत येथे विरोध नाही.

जलपरीक्षेचाही येथे उपयोग करू नये. पाण्यात बुडणारा मल साम आणि तरंगणारा निराम, या कसोटीला अतिद्रवत्वाचा अपवाद पूर्वाचार्यांनीच सांगून ठेवला आहे.

चरकांनी सांगितलेली आध्मानाची भीती मात्र निराधार नाही. लोपेरामाइडने आतड्याची गती फार मंदावली तर पोट फुगते, वायू सरत नाही, उलट्या सुरू होतात. म्हणूनच ते औषध ४८ तासांपेक्षा अधिक काळ सलग घेऊ नये असा दंडक आहे, आणि पोट फुगू लागल्यास तत्क्षणी ते थांबवून रुग्णालय गाठावे.

चिकित्सालयात आणि दुकानात

केमोथेरपी घेतलेला कोणीही अतिसाराची तक्रार घेऊन आला, तर नाडी पाहण्यापूर्वी शेवटचे सलाईन कोणत्या तारखेस लावले ते विचारावे व फाईल उघडावी. इरिनोटेकॅन हे नाव किंवा फॉलफिरी, फॉलफिरिनॉक्स अशी संक्षिप्त नावे दिसली की आपण कोणत्या अतिसाराशी बोलतो आहोत हे कळते. मग नेहमीपेक्षा किती वेग अधिक झाले, रात्री उठावे लागले काय, शेवटची लघवी केव्हा झाली, हे पाहावे. ज्वर स्पर्शावरून न ठरवता तापमापक लावावा. १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप, मलातून रक्त, पाणीही न टिकू देणारी उलटी, उठताना घेरी, मूत्रप्रवृत्ती घटणे, नेहमीपेक्षा सात वा अधिक वेग, किंवा लोपेरामाइड चोवीस तास घेऊनही न थांबलेला अतिसार, यांपैकी एक जरी असेल तरी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. उद्या सकाळपर्यंत थांबू नये. तेथे शिरेतून द्रव, प्रतिजैविके व गरज पडल्यास ऑक्ट्रिओटाइड देण्याची सोय असते, ती आपल्याकडे नाही.

लोपेरामाइडची रूढ योजना अशी आहे : आरंभी ४ मिलिग्रॅम, त्यानंतर दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, रात्री झोपेसाठी दर चार तासांनी ४ मिलिग्रॅम, आणि बारा तास एकही पातळ वेग न झाल्यास बंद. रुग्णाच्या कागदावर वेगळे लिहिले असेल तर तेच प्रमाण मानावे. कागदच नसेल तर फाईलवरील क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे.

येथे औषधी दुकानदारांना एक अडचण येते. सर्वसाधारण अतिसारात लोपेरामाइडची मर्यादा दिवसाला १६ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल. इरिनोटेकॅनच्या रुग्णाला वरील योजनेने एका दिवसात बारा-तेरा लागू शकतात. इतक्या कॅप्सूल मागणाऱ्या मुलाला ‘एवढ्या कोणी घेते का, चार पुरेत’ म्हणून परत पाठविल्याचे मी ऐकले आहे. दुकानदाराची शंका वावगी नव्हती. हे औषध बेसुमार घेतल्यास हृदयाची गती बिघडते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिला आहे. अशा वेळी रुग्णालयाचा कागद पाहावा, दोन दिवसांपुरत्या कॅप्सूल द्याव्यात, आणि ४८ तासांची मर्यादा तोंडी सांगावी. त्यासोबत ओआरएसची पाकिटे न मागताही द्यावीत. एक पाकीट एक लिटर पाण्यात, प्रत्येक वेगानंतर घोट-घोट. ‘साखर आहे म्हणून चालणार नाही’ असे सांगून मधुमेही रुग्णाला त्यापासून वंचित ठेवू नये.

जे देऊ नये, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. केमोथेरपीसोबत उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांनी पहिले दोन-तीन दिवस मलावष्टंभ होतो. रुग्ण तेव्हा आपल्याकडे येऊन त्रिफळा, एरंडेल किंवा सुखसारक चूर्ण मागतो. आपण ते सहज देतो, कारण ते आपल्या दृष्टीने निरुपद्रवी आहे. पण त्याचा परिणाम चालू असतानाच पाचवा दिवस उगवतो. इरिनोटेकॅनच्या रुग्णाला रुग्णालयाला विचारल्याशिवाय कोणतेही सारक देऊ नये.

दीपन-पाचनासाठी त्रिकटूयुक्त कल्प हा आपला नित्याचा व्यवहार. पिंपळी व मिरीतील पाइपरीन हे ग्लुक्युरॉनिक आम्लाच्या जोडणीची क्रिया मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत १९८० च्या दशकातच आपल्याच देशात दिसून आले आहे. पिंपळीच्या योगवाहित्वाचे एक अंग यात असावे असे मला वाटते. एसएन-३८ ला निरुपद्रवी करण्यासाठी यकृत हीच क्रिया वापरते, हे वर आलेच आहे. तेव्हा चक्राच्या आदल्या व नंतरच्या दिवसांत त्रिकटू, हिंग्वाष्टक यांपासून दूर राहणे शहाणपणाचे. उलट दिशेचा धोकाही असतो. युरोपात खिन्नतेवर वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने रक्तातील एसएन-३८ चे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली दाखविले गेले. म्हणजे उपद्रव कमी आणि औषधाचा गुणही कमी. ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ हे वाक्य दुकानाच्या फळीवरून काढून टाकावे.

पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत कच्ची चूर्णेही टाळावीत. चूर्णात जीवाणू-बुरशी असणे अशक्य नाही. निरोगी माणूस ते पचवतो, पण अस्तर सोललेल्या आतड्यातून तेच जीवाणू रक्तात उतरू शकतात.

आहाराबाबत भाताची पेज, मऊ भात, मुगाचे कढण, शिजवून कुस्करलेले सफरचंद, केळे हे ठीक. दूध बंद ठेवावे, कारण दुधातील शर्करा पचविणारे विकर याच अस्तरात असते. आपल्या भागातील ज्वारीची भाकरी व मिरचीचा ठेचा काही दिवस विसरावा लागतो, आणि याला रुग्णापेक्षा घरातील ज्येष्ठांचाच विरोध अधिक असतो. ताकाविषयी वैद्यांचा आग्रह मी जाणतो. तथापि पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना बाहेरचे सुटे ताक नको. तापवलेल्या दुधाचे घरी लावलेले ताक द्यावे की नाही, ते त्या वेळच्या रक्ततपासणीवर सोडावे.

वैद्याच्या हाती असलेली एक माहिती

या उपद्रवाचा एक भाग जन्मजात असतो. एसएन-३८ ला जोड देणारे विकर काही व्यक्तींत कमी प्रमाणात बनते. अशा व्यक्तींना इरिनोटेकॅन अधिक बाधते. २००५ साली अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालण्यात आली. भारतीयांत हा भेद दुर्मीळ नाही. त्याची जनुकीय तपासणी होते, पण सर्वांचीच होते असे नाही. याच भेदामुळे होणारी एक सौम्य अवस्था मात्र आपल्या चांगल्या ओळखीची आहे. उपवास, जागरण वा साध्या तापानंतर डोळे किंचित पिवळे होतात, यकृताच्या इतर तपासण्या स्वाभाविक येतात, आणि चार दिवसांत पिवळेपणा आपोआप ओसरतो. आधुनिक वैद्यकात तिला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांना ‘वारंवार कावीळ होते’ म्हणून आपण वर्षानुवर्षे औषधे दिलेली असतात. त्यांच्यापैकी कोणाला इरिनोटेकॅन सुरू होणार असेल, तर ही पूर्वपीठिका चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये घालावी. मुंबईच्या डॉक्टरला जी माहिती पाच मिनिटांत मिळणार नाही, ती घराण्याच्या वैद्यापाशी वीस वर्षांची असते.

कुटज, बिल्व, मुस्ता यांचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. जपानमध्ये हाच प्रश्न त्यांच्या परंपरेपुढे आला होता. तेथील कांपो वैद्यकातील हांगेशाशिंतो या काढ्यात बैकालिन नावाचे द्रव्य असते, आणि ते आतड्यातील जीवाणूंच्या जोड तोडणाऱ्या विकराला अडवते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना इरिनोटेकॅनच्या आधीपासून हा काढा देऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र अतिसाराचे प्रमाण घटलेले दिसले. त्यांनी आधी द्रव्याचे कर्म कोठे घडते हे पाहिले आणि मग केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांबरोबर, त्यांच्याच रुग्णालयात, ते देऊन पाहिले. अतिसार सुरू झाल्यावर लोपेरामाइडऐवजी काढा द्या, असे त्यांनी म्हटलेले नाही. आपल्या कुटजाला मी विरोध करीत नाही, माझा आक्षेप क्रमाला आहे. वेग थांबून, ज्वर नसल्याची खात्री होऊन, रक्तातील पेशी सावरल्यावर, रुग्णालयाला कळवून ग्रहणीस बल देणारी चिकित्सा अवश्य करावी. दोन चक्रांच्या मधल्या काळात अरुची, दौर्बल्य, निद्रानाश यांसाठी आपल्याकडे पुष्कळ आहे.

जाता जाता कॅपेसिटाबिन या गोळ्यांविषयी. त्या रुग्ण घरीच घेतो, त्यामुळे त्या अतिसार सुरू झाल्यावरही चालूच राहतात. नेहमीपेक्षा चार वा अधिक वेग झाले किंवा रात्री उठावे लागले, तर त्या गोळ्या थांबवून रुग्णालयास विचारावे. राहिलेला कोर्स पुरा करण्याचा आग्रह तेथे घातक ठरतो.

मी अलीकडे अशा रुग्णांच्या घरच्यांना भिंतीवरील कालनिर्णय वापरावयास सांगतो. सलाईनच्या तारखेभोवती गोल करावा, पुढच्या बारा दिवसांच्या चौकटीत रोज वेगांची संख्या आणि सकाळ-संध्याकाळचा ताप लिहावा, लोपेरामाइड सुरू केल्याची वेळही तेथेच टिपावी. अक्षरओळख बेताची असलेल्या घरांतही शाळकरी मूल हे काम आनंदाने करते. पुढच्या खेपेस जाताना ते पान फाडून फाईलमध्ये ठेवावे. मात्रा तीच ठेवावी की कमी करावी, हे ठरविताना तेथील डॉक्टर पहिल्यांदा हेच आकडे विचारतात.